शेवटचं ताट शिवेपलीकडे

थोरल्या वाडीच्या शिवयोगी कन्या निवासी शाळेचं वसतिगृह वर्षभरानं उघडलं आणि आठवड्याच्या आत पुन्हा बंद झालं.

हे वरचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही. संस्थेच्या दप्तरी वसतिगृह चालू आहे, तालुक्याच्या फायलीत चालू आहे, आणि फाटकावरची पाटी तर अजून 'सुस्वागतम' म्हणते आहे. तेव्हा आपण सुरुवातीपासून सुरू करू.

सुरुवातीला, साथीनं वर्षभर सगळं बंद राहिल्यावर, दोन आदेश आले. सकाळच्या आदेशात लिहिलं होतं की निवासी शाळा सुरू कराव्यात. दुपारच्या आदेशात लिहिलं होतं की शाळा सुरू कराव्यात, निवासाबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल. म्हणजे पोरींनी यावं, शिकावं, आणि दिवस मावळल्यावर कुठं जावं ते स्वतंत्रपणे कळेल. वसतिगृहाच्या अधीक्षिका राजेश्रीबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग कागदांच्या जागा बदलून वाचले. फरक पडला नाही.

"ह्यात काय कोडं हाय?" संस्थेचे सचिव व्यंकटराव म्हणाले. "सकाळचा अगोदर आला. जो अगोदर आला त्याचा मान अगोदर. उघडा."

राजेश्रीला उघडायचंच होतं. परभणीहून नोकरीला आलेली ही पोरगी, तिशीच्या अलीकडची, वर्षभर रिकाम्या वसतिगृहाची अधीक्षिका होती. रोज रात्री दिवे बंद करायला सांगायची आणि ऐकायला कोणी नसल्यामुळं स्वतःच बंद करायची. सोबतीला एकट्या स्वयंपाकीण मनकर्णा मावशी. त्यांना शंभर जणींचा स्वयंपाक सोडून दुसरा येत नव्हता. दोघींसाठी आमटी करायची म्हटलं की मीठ अंदाजात बसत नसे. वर्षभर दोघींनी एकतर समुद्र खाल्ला, नाहीतर पाणी.

उघडण्याच्या दिवशी व्यंकटराव परभणीहून ताप मोजायची बंदूक घेऊन आले. बंदुकीनं पहिल्या पोरीला ताप दाखवला, दुसरीला दाखवला, फाटकाच्या खांबालाही दाखवला. शेवटी व्यंकटरावांनी ती स्वतःच्या कपाळाला लावली, तेव्हा तिनं बत्तीस अंश दाखवले. म्हणजे शास्त्राप्रमाणे सचिव चार-पाच तासांपूर्वीच वारलेले होते.

"सावलीत घ्या," ते म्हणाले, आणि पोरी आत आल्या.

सगळ्यात शेवटी आली धनश्री. दहावीची, उंच, येलदरीची. तिचे वडील रामलिंग अण्णा धरणाजवळ दुकान चालवत. त्यांनी पेटी खाली ठेवली, "शरणार्थ" म्हणून हात जोडले आणि राजेश्रीशी फक्त चार वाक्यं बोलले.

"बाई, वरीसभर ही दुकानात होती. माझा हात हलका झाला, खोटं कशाला बोलू. आता एकदा आणून सोडली. पण पुन्हा बंद झालं ना, तर मी न्यायला येईन, आणि मंग सोडायला येणार न्हाई."

"बंद होणार नाही, अण्णा."

"तुमच्या हातात हाय का?"

हे पाचवं वाक्य होतं. धनश्री पेटीवर बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. वडील गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, परीक्षेपर्यंत तरी राहील ना चालू?"

"राहील," राजेश्री म्हणाली. त्या दिवसापासून तिला एकच काम होतं. वसतिगृह बंद पडू द्यायचं नाही.

आणि पहिल्याच जेवणाला पंचाईत झाली.

ही शाळा काढली आप्पांनी, निजामाच्या राज्यात. आप्पा म्हणजे मठाचे महाराज. त्यांनी शाळेला फी ठेवली नाही, गणवेश ठेवला नाही, पण एक दस्तूर ठेवला: पंगत एक. दुसरी पंगत नाही. दुसरी पंगत बसली की पहिलीत कोण आणि दुसरीत कोण हे आलंच, म्हणून दुसरी नाहीच. सगळ्यांनी एका ओळीत बसायचं. धाकट्या अगोदर, थोरल्या शेवटी. शेवटच्या ताटात भाकरी पडली की त्या पोरीनं ओरडायचं, "पोचलं!" मग श्लोक, मग घास. तोवर कोणी घास तोडायचा नाही आणि कोणी पंगतीतून उठायचं नाही. दौऱ्यावर आलेला निजामाचा तहसीलदारसुद्धा उशिरा आला म्हणून शेवटी बसला आणि 'पोचलं' म्हणून ओरडला, असं व्यंकटराव सांगत. ओरडला ते उर्दूत की मराठीत, यावर संस्थेत दोन मतं होती.

एवढ्यासाठी भोजनगृह लांबच लांब बांधलेलं होतं, अंगणाला वळसा घालून. मांडीला मांडी लावली की शंभर पोरी त्यात बरोबर मावत. पण सरकारनं सांगितलं होतं, दोन विद्यार्थिनींमध्ये दोन मीटर.

"चार ओळी करू या," राजेश्री म्हणाली.

व्यंकटरावांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं आप्पांच्या फोटोचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आहे.

"मग गोल करू. मैदानात. गोल म्हणजे एकच ओळ, फक्त वाकडी."

व्यंकटरावांनी बराच विचार केला. आप्पांनी वाकडेपणाबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं. मैदानात चुन्यानं मोठा गोल आखला, पोरी बसल्या, मनकर्णा मावशी भाकरीची टोपली घेऊन निघाल्या. एक वेढा झाला. कोणी ओरडलं नाही. मावशींनी दुसरा वेढा सुरू केला.

"मावशी, किती वाढायलाव?" एक लहानगी म्हणाली.

"पोचलं म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई, माय. दस्तूर हाय."

आणि पोचलं कोण म्हणणार? गोलाला शेवट नव्हता. प्रत्येक पोरीच्या पुढं अजून एक पोरगी होतीच. मावशी तिसऱ्या वेढ्याला आल्या तेव्हा पोरींच्या ताटात भाकरींची चळत लागली होती आणि एकीनंही घास तोडला नव्हता. टोपली संपली. मावशी मैदानाच्या मध्यभागी रिकामी टोपली घेऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःभोवती एकदा फिरल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्याला कड कुठंय?"

धनश्रीनं काय ओळखायचं ते ओळखलं आणि आपल्याच जागेवरून ओरडली, "पोचलं!" आवाज असा की फाटकावरचे कावळे उडाले. येलदरीला धरणाच्या या काठावरून पाण्यातल्या होडीला हाक मारून वाढलेली पोरगी ती. सगळ्यांनी गपकन खायला सुरुवात केली. पण व्यंकटरावांचं समाधान झालं नाही. "शेवट नसताना शेवटची ओरडली. हे खोटं झालं. उद्यापासून सरळ बसायचं."

दुसऱ्या दिवशी पंगत सरळ बसली.

ती भोजनगृहातून निघाली, फाटकातून बाहेर आली, हातपंपाला डावीकडं ठेवून पुढं गेली, कालव्याच्या नळीवरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पलीकडं उतरली आणि शेजारचे शेतकरी माणिकराव यांच्या हरभऱ्यात शिरली. हरभऱ्याच्या कडेकडेनं, धुऱ्याच्या बांधावर, पोरी दोन-दोन मीटरवर ताटं घेऊन बसल्या. माणिकराव हातात विळा घेऊन बघत राहिले.

"ही काय वरात हाय, बाई?"

"जेवायलाव आमी," धुऱ्यावरची एक पोर म्हणाली.

"खुशाल जेवा. पण हरभऱ्याच्या घाट्याला हात लावायचा न्हाई. मास्क हरभऱ्याला घालू का तुमाला, सांगा."

मावशींना सायकल मिळाली. पुढं दांडीला आमटीची बादली, मागं भाकऱ्या. धाकट्यांना वाढून त्या सायकल हातात धरून शेवटापर्यंत पोचायच्या तेव्हा धाकट्यांची आमटी गार होऊन तिच्यावर साय धरलेली असायची. पण शेवटी धनश्री ओरडायची, "पोचलं!" आणि तो आवाज हरभऱ्यावरून, कालव्यावरून, हातपंपावरून थेट भोजनगृहात यायचा आणि तिथली पाचवीतली पोर श्लोक सुरू करायची. राजेश्री फाटकात उभी राहून ऐकायची. वर्षभर मीठ-पाण्यावर काढल्यावर तिला तो आवाज आमटीपेक्षा चवदार वाटायचा.

एक बाब तिच्या ध्यानात आली नाही. माणिकरावांचं शेत दोन गावांत होतं. त्यांच्या धुऱ्यावर एक शेंदूर लावलेला धोंडा होता, ती शीव. धोंड्याच्या अलीकडं थोरली वाडी, पलीकडं धाकटी वाडी. पंगतीतली शेवटून दुसरी पोरगी थोरल्या वाडीत जेवत होती. धनश्री धाकट्या वाडीत.

बुधवारी धाकट्या वाडीत एकाला लागण झाली.

गुरुवारी दुपारी पंगत बसलेली, मावशी सायकल घेऊन हातपंपापाशी आलेल्या, तेवढ्यात धाकट्या वाडीचे ग्रामसेवक दोन माणसं आणि एक लांब बांबू घेऊन शिवेवर आले. धोंड्याजवळ त्यांनी एक खुंटा ठोकला.

"काय चाललंय?" राजेश्री धुऱ्यावरून पळत आली.

"धाकटी वाडी प्रतिबंधित क्षेत्र झाली, मॅडम. चौदा दिवस. आतला माणूस बाहेर न्हाई, बाहेरचा आत न्हाई."

"आमची मुलगी आत आहे!"

ग्रामसेवकांनी धनश्रीकडं पाहिलं. धनश्री रिकाम्या ताटापुढं मांडी घालून बसली होती. "मंग घ्या पटकन अलीकडं. अजून बांबू बांधायचाय. मी बघितलं न्हाई."

इतका सरळ इलाज राजेश्रीला सबंध साथीत कोणी सांगितला नव्हता.

"धनश्री, ऊठ! ये इकडं!"

धनश्री जागची हलली नाही. "बाई, पंगतीतून कसं उठू? वाढलं न्हाई अजून."

"अगं, दोन पावलं!"

"पंगतीतून उठायचं न्हाई!" मागून व्यंकटरावांचा आवाज आला. ते कालव्याच्या नळीवर उभे होते. "मावशी निघाल्यात. वाढू द्या, जेवू द्या, मंग उठेल."

"सचिवसाहेब, ते बांधायलेत!" शेवटून दुसरी पोरगी म्हणाली, अर्थात बसल्या जागेवरून.

राजेश्री एकदा धनश्रीकडं, एकदा बांबूकडं, एकदा हातपंपाकडं बघू लागली. तिकडं मावशी सायकल ढकलत होत्या आणि वाटेत प्रत्येकीला विचारत होत्या, आमटी पातळ की दाट. इकडं ग्रामसेवकांनी गाठ मारायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. सोडली, पुन्हा मारली. घाम पुसला. "मॅडम, आता ह्याहून हळू गाठ मला येत न्हाई," ते म्हणाले आणि आवळली. मावशी शेवटून तिसऱ्या पोरीपाशी होत्या.

पंगत अडली. शेवटचं ताट रिकामं, म्हणून सगळी ताटं भरलेली असून उपाशी.

"अन्न जाऊ शकतं का आत?" राजेश्रीनं विचारलं.

"अन्न जीवनावश्यक हाय," ग्रामसेवक म्हणाले. "माणूस न्हाई."

मग माणिकरावांनी अलीकडच्या कुंपणातली एक लांब काठी उपसून आणली, तिच्या टोकाला पळी बांधली. मावशींनी बांबूवरून पहिली पळी धनश्रीच्या ताटात ओतली, दुसरी हरभऱ्याला मिळाली. भाकरी अलगद फेकली.

"पोचलं!" धनश्री ओरडली. कालव्यापलीकडं श्लोक सुरू झाला.

जेवण झाल्यावर धनश्री उठली. आता ती उठू शकत होती, पण जाऊ शकत नव्हती. शिवेपलीकडं, शेतातच माणिकरावांचं राहतं घर होतं, तिथं त्यांची बायको गीताबाई होत्या. त्यांनी लांबूनच सांगितलं, "राहू द्या पोरीला माझ्याजवळ. हे तर तिकडंच अडकले."

तेव्हा माणिकरावांच्या ध्यानात आलं, की काठी-पळीच्या नादात आपण बांबूच्या अलीकडं राहिलो. त्यांनी चौदा दिवस या आकड्यावर बराच विचार केला.

"सरकारचा नियम हाय, गीता," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्याला मोडता यायचा न्हाई."

"हौ, लय दुःख झालेलं दिसायलंय," गीताबाई म्हणाल्या आणि धनश्रीची पेटी मागवून घेतली. पेटी जीवनावश्यक आहे की नाही यावर ग्रामसेवक थोडे अडले, पण आत गणिताचं पुस्तक आहे म्हटल्यावर त्यांनी बांबू जरा वर उचलला.

शुक्रवारी तपासणी आली. विस्तार अधिकारी पंडित साहेब तालुक्याहून जीपनं आले, फाटकापासून पंगतीच्या कडेनं चालत निघाले. चुन्याच्या खुणा बरोबर, अंतर बरोबर, मास्क बरोबर. राजेश्री मागं मागं चालत होती आणि प्रत्येक 'बरोबर' बोटांवर मोजत होती. साहेब बांबूपाशी थांबले. पलीकडं धनश्री.

"ही कोणाची?"

"आमचीच, साहेब. पण तिची सोय वेगळी केली आहे," राजेश्री घाईनं म्हणाली. "ती वेगळ्या घरात राहते, वेगळ्या गावात. आमचा तिचा संपर्क नाही. वेगळी धरा."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत व्यंकटराव पुढं आले. त्यांचा ऊर भरून आला होता.

"वेगळी कामून, साहेब? पंगत एक हाय! तिथून भोजनगृहापर्यंत एकच. निजामाच्या काळापासून कोणी तोडली न्हाई. ह्या बांबूनं तुटली न्हाई."

"एकच?" साहेबांनी विचारलं.

"एकच."

"मधून तोडता येत नाही?"

"मेलो तरी न्हाई."

बत्तीस अंशांचा माणूस हे बोलत होता, त्यामुळं त्याला वजन होतं. पंडित साहेबांनी पेन काढलं. "मग एक टोक प्रतिबंधित क्षेत्रात, म्हणजे सगळीच पंगत प्रतिबंधित. वसतिगृह बंद करा. मुलींना घरी पाठवा."

"पण साहेब," राजेश्री म्हणाली, "प्रतिबंधित असतील तर घरी कसं पाठवायचं? त्यांनी इथंच राहायला पाहिजे ना?"

"राहिल्या असत्या. पण वसतिगृह बंद आहे."

"ते का बंद आहे?"

"कारण त्या प्रतिबंधित आहेत." साहेबांचा सूर अगदी मायेचा होता. "शेवटची मुलगी घरी गेली की बंद झाल्याचा अहवाल पाठवा. तोवर बंद धरता येणार नाही."

व्यंकटराव हातपंपाच्या ओट्यावर जाऊन बसले. आपण काय बोललो ते त्यांना कळायला सात-आठ पोरींच्या अंतराइतका वेळ लागला. "मी खरं तेच बोललो ना, बाई?" त्यांनी विचारलं. राजेश्रीनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही समजलं नाही.

शनिवारी पोरी गेल्या. जीप, टेम्पो, मोटारसायकली. एक पाचवीतली पोर टेम्पोत बसल्यावर ताट मागायला लागली, तिला घरी 'पोचलं' कोण म्हणणार अशी काळजी होती. संध्याकाळी वसतिगृह रिकामं झालं. पण बंद झालं नाही. कारण शेवटची मुलगी घरी गेली नव्हती. तिला जाताच येत नव्हतं.

म्हणजे पंगतही चालू होती. भोजनगृहात मनकर्णा मावशींचं ताट, फाटकात व्यंकटरावांचं, हातपंपापाशी माणिकरावांचं, धुऱ्यावर राजेश्रीचं, आणि बांबूपलीकडं शेवटचं. मावशींचं मीठ पुन्हा चुकायला लागलं. जेवण झालं की राजेश्री धुऱ्यावर बसून पलीकडं भूमिती शिकवायची. वर्तुळाचा धडा आला तेव्हा धनश्री हसायला लागली.

"बाई, वर्तुळाला कड नसती, हे मला पाठ हाय. भाकरीनं पाठ झालंय."

सोमवारी रामलिंग अण्णा आले. येलदरीहून एसटी, पुढं पायी. हातात रिकामी पिशवी, म्हणजे काहीतरी न्यायची तयारी.

"बंद झालं म्हणून ऐकलं."

"बंद नाही झालं, अण्णा," राजेश्री म्हणाली. "चालू आहे."

अण्णांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या, रिकामं मैदान पाहिलं. "कोण हाय मंग?"

"धनश्री आहे."

"तिला तर न्यायला आलो."

"नेता येत नाही. प्रतिबंधित क्षेत्रात आहे."

अण्णा दुकानदार माणूस, हिशेब पुन्हा करून बघत होते. "म्हंजे मी नेल्याबिगर हे बंद होत न्हाई. अन् बंद झाल्याबिगर मी नेत न्हाई."

"हो."

"मंग मी कशाला आलो?"

"जेवायची वेळ झालीय, अण्णा," मावशी आतून म्हणाल्या. "शेवटी आलाव, शेवटी बसा."

शेवट बांबूपलीकडं होता. मग ते बांबूच्या अलीकडं, लेकीपासून दोन मीटरवर बसले. लेकीनं विचारलं, "दुकान कोण बघायलंय, अण्णा?" अण्णा म्हणाले, "कुलूप बघायलंय." पळी बांबूवरून गेली. भाकरी पडली.

"पोचलं!"

आवाज इतक्या जवळून आल्यानं अण्णा दचकले. मग खाली बघून जेवायला लागले. जेवण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, आमटीत मीठ जास्त होतं तरी.

हात धुताना त्यांनी विचारलं, "परीक्षा कवा हाय हिची?"

"एप्रिलच्या शेवटी म्हणतात."

"अन् हा बांबू कवा सुटतो?"

"पुढच्या गुरुवारी."

"मंग लय अंतर पडतंय, बाई." त्यांनी पिशवीची घडी केली. आवाजात राग नव्हता. "बांबू सुटला की येतो मी. बोललोय तसं करावं लागतंय. बांबू परीक्षेपर्यंत असता तर गोष्ट वेगळी."

ते गेले. धनश्री बांबूला दोन्ही हात लावून उभी होती. बांबूला हात लावायला बंदी होती, पण ग्रामसेवक दुसरीकडं बघत होते.

"बाई," ती म्हणाली, "आता?"

त्या संध्याकाळी राजेश्रीनं पाटीवरचा 'सुस्वागतम' पुसून टाकावा का, याचा विचार केला. पुसला नाही. खोलीत गेली आणि संस्थेच्या कागदावर, संस्थेच्या शिक्क्यानिशी, खालील अर्ज लिहिला.

प्रति, मा. तहसीलदार साहेब.

विषय: प्रतिबंधित क्षेत्राची मुदत वाढवून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, मौजे धाकटी वाडी येथील रुग्ण बरा होत असल्याचे समजते. त्याबद्दल संस्था आनंद व्यक्त करते. तथापि शिवेच्या धोंड्यालगतची, माणिकराव यांच्या हरभऱ्यातील, एक ताट व एक विद्यार्थिनी मावेल एवढी जागा वगळता उर्वरित गाव मुक्त करण्यास संस्थेची हरकत नाही. सदर जागेत कोणताही रुग्ण नाही, नव्हता व होऊ दिला जाणार नाही. जमीनमालकांची संमती घेतलेली असून त्यांना चौदा दिवस कमीच वाटत आहेत. बांबू संस्था स्वखर्चाने बदलून देईल. तरी इयत्ता दहावीची परीक्षा प्रत्यक्ष पार पडेपर्यंत सदर जागा प्रतिबंधित क्षेत्र म्हणून कायम ठेवण्यात यावी, आतील विद्यार्थिनीस पालकांसह कोणासही बाहेर नेता येणार नाही असे आदेश व्हावेत, आणि जेवणाच्या वेळी पळी आत जाऊ द्यावी, ही नम्र विनंती.